घरी पाहिलेले काही चित्रपट, आवाजाच्या बाजूने

मला विचारलेल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. चित्रपटांच्या ध्वनिमिश्रणाचं काम करणारा माझ्यासारखा माणूस स्वतः घरी काय पाहतो आणि त्याला ते कसं वाटतं, हा पहिला. दुसरा असा: घरी संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवला की लगेच पार्श्वसंगीत अंगावर येतं, हे कशामुळे? दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

अलीकडे मी बरेचसे मराठी चित्रपट पुन्हा पाहिले, काही पहिल्यांदाच पाहिले. सगळे घरच्या टीव्हीवर, पंखा चालू असलेल्या हॉलमध्ये, बहुतेक लोक पाहतात तसेच. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरी चित्र लहान होतं याची सगळे हळहळ करतात, पण माझ्या मते खरं नुकसान शांततेचं होतं. मोठे आवाज कसेही पोचतात. ज्या दिग्दर्शकाने हळू आवाजांवर आणि गप्प क्षणांवर काम केलंय, त्याच्या चित्रपटाला घरात सगळ्यात जास्त सोसावं लागतं.

‘सैराट’पासून (२०१६) सुरुवात करतो, कारण तो जवळजवळ सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या संगीताबद्दल भरपूर बोलून झालंय. अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं आणि गाण्यांतल्या तंतुवाद्यांच्या भरीवपणात ते ऐकू येतं. पण ध्वनीच्या बाजूने सगळ्यात धाडसी निर्णय चित्रपटाच्या अखेरीला आहे. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं बाळ परत येतं, घरातलं दृश्य पाहतं, रडत बाहेर पडतं, मागे पावलं उमटत जातात आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. रडणं नाही, संगीत नाही, रस्ता नाही. नागराज मंजुळे यांनी सगळा आवाज काढून घेतलाय.

ज्यांनी ते थिएटरात पाहिलं त्यांना तिथे काय ऐकू येत होतं हे आठवत असेल. शेजारच्याचा श्वास, मागच्या रांगेतलं मुसमुसणं, कुणाचा तरी ‘अरे देवा’. भरलेलं थिएटर एकदम गप्प झालं की कानांवर एक दाब येतो आणि तो दाब या प्रसंगाचा भाग आहे. घरी त्या जागी पंख्याची घरघर येते, फ्रिज चालू होतो, खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी होते. माझ्या पुतणीने तो शेवट पहिल्यांदा घरीच पाहिला. ती म्हणाली, ‘काका, आवाज गेला का?’ आणि तिने रिमोट उचललासुद्धा. तिचं काहीच चुकलं नव्हतं, टीव्हीवर आवाज जाणं ही रोजची गोष्ट आहे. तरीही तो शेवट घरातही टिकतो असं मला वाटतं, कारण त्याच्या आधीचा प्रसंग नेहमीच्या घरगुती आवाजांनी भरलेला आहे. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन बसली आहेत, आर्ची चहाच्या तयारीला लागली आहे. तो संसाराचा आवाज इतका नीट बसवलाय की तो तुटतो तेव्हा प्रेक्षक कुठेही असला तरी हादरतो.

आता त्या रिमोटच्या भानगडीचं कारण. मिक्सिंग थिएटरात आम्ही ठरलेल्या पातळीला काम करतो. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज सोडला की मिक्सरच्या खुर्चीत ८५ डेसिबल मिळायला हवेत, मग खोली बरोबर लागली असं समजतात. सगळे निर्णय त्या पातळीवर होतात. तिथे कुजबुज कुजबुजीसारखी ठेवता येते, हलगी हलगीसारखी ठेवता येते आणि दोघांमधलं अंतर बरंच मोठं असतं. घरी त्या पातळीला कुणी ऐकत नाही, ऐकूही नये. मग सगळंच खाली आणलं की कुजबुज पंख्याखाली बुडते. तिला वर काढण्यासाठी आवाज वाढवला की पुढची हलगीही तेवढीच वर आलेली असते.

दुसरं कारण स्पीकरचं. ५.१ मिश्रणात (पाच स्पीकर आणि खालच्या आवाजांसाठी एक वेगळा) जवळजवळ सगळे संवाद मधल्या चॅनेलला असतात. टीव्हीला मधला स्पीकर नसतो, त्यामुळे तो सगळे चॅनेल दोनात कोंबतो आणि जे संगीत संवादाच्या बाजूला होतं ते संवादावर येऊन बसतं. त्यातून सपाट टीव्हींचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. ‘स’, ‘त’, ‘ख’ यांसारखी व्यंजनं वरच्या कंप्रतांवर कळतात आणि भिंतीवर आपटून येताना नेमकी तीच बोथट होतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. घरातले वयस्कर लोक ‘हे नट पुटपुटतात’ म्हणतात तेव्हा दहातल्या आठ वेळा नट पुटपुटत नसतो.

यावर इलाज आहे. घरासाठी वेगळं मिश्रण करायचं, जवळच्या लहान स्पीकरवर आणि कमी पातळीला. नेटफ्लिक्स तर संवादाची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक), दोन युनिट पुढेमागे, एवढी असलीच पाहिजे असं सांगतं. पण कमी बजेटच्या चित्रपटांत हे काम पुष्कळदा होत नाही. थिएटरचंच मिश्रण सरसकट खालीवर करून फाइल पाठवली जाते. याचा मला मनापासून राग येतो. माणसं वर्षभर राबून चित्रपट उभा करतात, त्याचे प्रेक्षक आता थिएटरपेक्षा घरी जास्त असतात आणि त्या प्रेक्षकांसाठी शेवटचे दोन दिवस कुणी द्यायला तयार नसतं.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) यातून कसा सुटला हे पाहण्यासारखं आहे. व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याला ओरिझोंती या स्पर्धा विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं, इथे सुवर्णकमळ मिळालं. पुष्कळ लोकांनी तो कर्तव्य म्हणून पाहायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला, हेही मला माहीत आहे. कॅमेरा लांब उभा आहे, हलत नाही, चेहरे लहान दिसतात. मोबाइलवर तर माणसं मुंगीएवढी होतात. अशा चित्रांत आपला डोळा कुठे जाणार हे आवाज ठरवतो आणि ‘कोर्ट’ने ते फार विचारपूर्वक केलंय. न्यायाधीश साक्ष आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात, साक्षीदार काय म्हणाला आणि कागदावर काय उतरलं यातलं अंतर आपण कानांनी मोजतो. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती एकाच खोलीत फिरतात. खुर्च्या सरकतात, कागद फडफडतात, मागे पुढच्या खटल्याची माणसं कुजबुजतात. गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील म्हणून कलमं ज्या एकसुरी वेगाने वाचतात, त्या वेगातच त्या व्यवस्थेची सगळी ओळख आहे. ही वकीलबाई घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर नाटक पाहायला जाते, आणि त्या नाटकातल्या परप्रांतीयांवरच्या विनोदांना मिळणाऱ्या टाळ्या ऐकून मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं.

त्यातला एक निर्णय घरी पाहणाऱ्यांनी मुद्दाम सांभाळावा. सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काही काळ काळा राहतो. इथे बरेच जण चित्रपट संपला म्हणून उठतात. संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश महाशयांची सहल आहे आणि माझ्या मते चित्रपटाचं सगळ्यात कठोर वाक्य त्या सहलीत, एकही वाक्य न उच्चारता, येतं. ज्याच्यावर खटला चालतो तो शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार २०२१ मध्ये गेले. त्यांच्या आवाजातला खर मुद्दाम ऐका. शाहिराच्या गळ्यातली ती झीज स्टुडिओत तयार करता येत नाही.

ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ (२०२०) हा या यादीतला मला सगळ्यात जवळचा चित्रपट. व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं याचा सगळ्यांना आनंद झाला, पण आमच्या व्यवसायातल्या लोकांनी त्याच्याकडे आणखी एका कारणासाठी पाहायला हवं. हा माणसाच्या कानांवर विश्वास ठेवणारा चित्रपट आहे. शरद नेरुळकर हा गायक मेहनती आहे, सुरात आहे, घराण्याला धरून आहे, आणि तरीही काहीतरी कमी आहे. हे ‘काहीतरी कमी’ संवादातून सांगणं सोपं होतं. इथे ते गाण्यातून ऐकवलंय. आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायक आहेत. स्वतःच्या गळ्यात जे आहे त्याच्या थोडं अलीकडे थांबून, तेही खोटं न वाटू देता गायचं, हे किती अवघड असेल याची कल्पना गाणाऱ्यालाच येईल. गुरुजी झालेले अरुण द्रविड हे किशोरीताई आमोणकरांचे शिष्य. मैफलीत बसल्याबसल्या ते शरदला दुरुस्त करतात तेव्हा आवाज मोठा करत नाहीत आणि तरी शरदचा चेहरा उतरतो. इथे कुणीही दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवत नाही, म्हणून श्वास आणि गळा एकाच शरीराचे वाटतात.

आणि माई. ही गानतपस्विनी आपल्याला कधीच दिसत नाही. रात्रीच्या मुंबईत शरद मोटारसायकलवरून जातोय, चित्र संथ केलंय, आणि कानात माईंची व्याख्यानं चालू आहेत. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट एप्रिल २०२१च्या अखेरीस घराघरांत पोचला, त्याच्या थोडेच दिवस आधी त्या गेल्या. नुसत्या आवाजाने एक संपूर्ण माणूस उभा करणं म्हणजे काय, हे नवीन ध्वनिसंकलकांना शिकवायचं असेल तर मी हे प्रसंग दाखवीन. आवाज जवळचा आहे, कोरडा आहे, खोलीचा गुंजारव, म्हणजे भिंतींवरून परतणारा आवाज, त्याला जवळजवळ नाही. त्यामुळे तो रस्त्यावरून येत नाही, शरदच्या डोक्यातून येतो. पुढे दारूच्या टेबलावर जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक माईंबद्दल वेगळ्याच गोष्टी सांगतो आणि शरद त्याच्या तोंडावर पेला रिकामा करतो. ज्या आवाजाला आपणही मनात देव मानून बसलो होतो त्याच्यावर घाव बसतो, म्हणून तो प्रसंग लागतो.

‘फार संथ आहे’ ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली. त्यांना माझं सांगणं एवढंच की तो टीव्हीच्या स्पीकरवर पाहू नका. तानपुऱ्याचे वरचे स्वर त्या स्पीकरवर जवळजवळ पुसले जातात आणि मग आलाप खरंच रिकामा वाटतो. साधे वायरचे हेडफोन लावले तरी हा चित्रपट वेगळा होतो.

गाण्याचा विषय निघालाच आहे तर ‘मी वसंतराव’बद्दल (२०२२) थोडक्यात. निपुण धर्माधिकारी यांचं दिग्दर्शन, राहुल देशपांडे आपल्या आजोबांच्या भूमिकेत. गायनासाठी राहुल देशपांडे यांना आणि ध्वनिआरेखनासाठी अनमोल भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, दोन्ही योग्य. बैठकीची खोली, नाट्यगृह, मोकळी जागा, प्रत्येक ठिकाणी गळा वेगळा ऐकू येतो. हे आपोआप होत नाही, प्रत्येक जागेचा गुंजारव स्वतंत्रपणे बांधावा लागतो. लांबी मात्र मला जास्त वाटली. पहिल्या भागातला मारवा रागाचा ध्यास मनात राहिला, नंतरचे काही प्रसंग फक्त चरित्र पूर्ण करण्यासाठी आल्यासारखे वाटले.

जुन्यांपैकी डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ पुन्हा पाहिला. विजय तेंडुलकरांचं लेखन, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर. अभिनयाबद्दल नवीन काय सांगणार! पण एक गोष्ट पाहून आनंद झाला: घरच्या टीव्हीवर हा पन्नास वर्षांपूर्वीचा चित्रपट आजच्या अनेक चित्रपटांपेक्षा स्पष्ट ऐकू येतो. तो एका स्पीकरसाठी केलेला आहे. तेव्हाच्या फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीला खालचे आणि वरचे आवाज फारसे पेलत नसत. मधल्या पट्ट्यात जे बसेल तेच ठेवायचं आणि त्या जागेवर पहिला हक्क संवादाचा. निळू फुले यांच्या हिंदुराव पाटलाचं ते खालच्या पट्टीतलं, दमात न घेता दम देणारं बोलणं या पट्ट्यात अगदी नीट बसतं. मारुती कांबळेचं काय झालं हे डॉ. लागूंचा मास्तर पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा प्रत्येक वेळचा सूर वेगळा आहे, तोही पूर्ण ऐकू येतो. फक्त प्रत चांगली शोधा. जुन्या चित्रपटांच्या ज्या प्रती इंटरनेटवर फिरतात त्यांतल्या काहींचा खरखराट काढण्याच्या नादात शब्दांच्या शेवटचा श्वासही खरवडून टाकलेला असतो. खरखर असलेली प्रत त्यापेक्षा कितीतरी बरी, कान दोन मिनिटांत खरखर विसरतो.

‘फॅन्ड्री’ (२०१३) आणि जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मी एकापाठोपाठ एक पाहिले. ‘स्थळ’ला २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात आशियाई चित्रपटांसाठीचं नेटपॅक पारितोषिक मिळालं, इथे थिएटरात यायला २०२५ उजाडलं. दोन्हींचा जीव बोलीत आहे. अभिनय न शिकलेल्या माणसाकडून चित्रीकरणाच्या जागी जे वाक्य निघतं ते तीन महिन्यांनी डबिंगच्या काचेमागे उभं करून परत निघत नाही, त्याचं वाचन होतं. म्हणून अशा चित्रपटांना सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच नोंदलेला आवाज, हवाच. मग जनरेटर दूर न्यायचा, गावातल्या गिरणीवाल्याला विनंती करायची, कुत्री गप्प व्हायची वाट पाहायची, हे सगळं ओघाने आलं. ‘स्थळ’मध्ये सविताला पाहायला पाहुणे येतात, तेच प्रश्न विचारतात: नाव, शिक्षण, उंची, छंद. पुन्हा दुसरे येतात, पुन्हा तेच. काही समीक्षकांना ही पुनरावृत्ती खटकली. मला उलट त्याच पुनरावृत्तीत चित्रपटाची ताकद दिसली. शब्द तेच राहतात आणि नंदिनी चिकटे यांच्या उत्तरांतला आवाज दर वेळी थोडा थोडा आत जातो. सुरुवातीला मुलीकडच्या बायका मुलाची परीक्षा घेतात तो प्रसंग नीट लक्षात ठेवून पुढचं पाहा, आवाजाची पट्टी कुणाकडे आहे ते कळेल.

‘फॅन्ड्री’तला डुकराच्या मागे धावतानाचा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे: शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या आणि त्याचं कुटुंब जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर निघून जातं. माझ्या मते मराठी चित्रपटात पडद्याबाहेरच्या आवाजाचा याहून चांगला वापर झालेला नाही. शाळा लांब आहे, आवाज लांबून येतो, आणि तरी तो सगळ्यांना खिळवतो. तो जवळ आणून मोठा केला असता तर प्रसंग भाषण झाला असता.

शेवटी एक हिंदी चित्रपट, पण मातीने आपलाच: राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). घरात या चित्रपटाचंही बरंच काही हरवतं, कारण त्यात पाऊस आहे. पाऊस आणि टाळ्या, या दोन आवाजांत इंटरनेटवरून येणाऱ्या ध्वनीचं पितळ उघडं पडतं. दोन्हींत हजारो बारीक ठोके असतात, फाइल लहान करताना ते एकमेकांत मिसळून नुसती सळसळ उरते. खरं तर पाऊस एक नसतोच. कौलावरचा, चिखलातला, दगडी पायरीवरचा, दूरच्या झाडांवरचा, असे कितीतरी थर वेगवेगळे लावून तो आम्ही बांधतो. चित्रीकरणाच्या वेळचा पाऊस संवाद खाऊन टाकतो, तो जसाच्या तसा क्वचितच वापरता येतो. कथा म्हणून मला ‘तुंबाड’चा पहिला भाग सर्वांत आवडतो, साखळीने बांधलेल्या म्हातारीचा. पुढे राक्षस जास्त दिसायला लागतो तशी भीती कमी होते. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आधी घरी पाहिलेल्या माणसांनाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत असणार.

आता घरी काय करता येईल ते. टीव्हीला वेगळे स्पीकर जोडलेले नसतील तर ॲपमधल्या ऑडिओच्या यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा, संवाद बहुतेक वेळा लगेच पुढे येतात. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘सराउंड’ नावाचं जे काही असेल ते बंद करा, कारण ते संवाद पातळ करून बाजूला पसरवतं. रात्री हळू आवाजात पाहायचं असेल तर ‘नाइट मोड’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ वापरायला हरकत नाही, पहिल्याने मोठ्या आणि लहान आवाजांतलं अंतर कमी होतं, दुसऱ्याने संवाद पुढे येतात. ‘सैराट’ किंवा ‘डिसायपल’ पाहताना मात्र ते नको, कारण तिथे ते अंतर हाच चित्रपट आहे. चित्रातली हालचाल गुळगुळीत करणारं ‘मोशन स्मूदिंग’ही बंद करा, त्याने सगळं मालिकेसारखं दिसतं. खर्च करायचाच असेल तर मोठ्या टीव्हीआधी मधला चॅनेल असलेला साउंडबार घ्या. आणि मराठी चित्रपटाला इंग्रजी सबटायटल्स लावून पाहायची सवय लागली असेल तर एकदा ती बंद करून पाहा. डोळा खालच्या ओळीवर असला की कान काम सोडतो, वाक्य बोलून व्हायच्या आत आपण ते वाचून मोकळे झालेलो असतो.

‘तुंबाड’ पुन्हा थिएटराला लागला तर जरूर जा. तोवर घरीच पाहायचा असेल तर रात्री जेवणं आटोपल्यावर, पंखा एक नंबरवर आणून, हेडफोन लावून पाहा.